सीएलटी येत असताना डॉन्स्करचं थिअरम वेगळं कशाला शिकायचं?

प्रश्न थोडक्यात असा होता: "सेंट्रल लिमिट थिअरम (सीएलटी) आम्हाला येतं, बेरजेला √एन ने भागलं की नॉर्मल. वेळ पाव, अर्धी, पाऊण अशी कुठलीही चार-पाच ठिकाणं एकदम घेतली तरी मल्टिव्हेरिएट सीएलटी लावून ब्राउनियन मोशनचंच जॉइंट डिस्ट्रिब्युशन हातात येतं. मग डॉन्स्करने नवीन काय दिलं? आणि टाइटनेसवर दोन-दोन लेक्चर कशासाठी घालवतात?" विचारणारी व्यक्ती एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि प्रश्न अगदी बरोबर जागी बोट ठेवणारा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी वीसेक वर्षं हा विषय शिकवतोय आणि मधली काही वर्षं इन्शुरन्सच्या रिस्क मॉडेलिंगमध्ये काढलीत, त्यामुळे दोन्हीकडची उदाहरणं देतो.

आधी सरळ उत्तर. मल्टिव्हेरिएट सीएलटी तुम्हाला आधी ठरवून ठेवलेल्या वेळांना काय दिसेल तेवढंच सांगतं. पण आपल्याला खरे पडणारे प्रश्न तसे नसतातच. सगळ्यात वर कुठपर्यंत गेलो, पहिल्यांदा अमुक रेषा कधी ओलांडली, किती वेळ फायद्यात होतो, हे सगळे प्रश्न पूर्ण रस्त्याबद्दलचे आहेत, आणि घड्याळाच्या चार काट्यांमध्ये मधे काय झालं ते त्या चार काट्यांना माहीत नसतं. डॉन्स्कर पूर्ण रस्त्याचं, म्हणजे रँडम पायऱ्यांच्या बेरजा वेळेनुसार जोडून √एन ने भागलेल्या ग्राफचं, लिमिट देतो, आणि ते लिमिट म्हणजे ब्राउनियन मोशन: न तुटता सतत रँडम हलणारा रस्ता, ज्याचा कुठल्याही वेळेतला बदल नॉर्मल असतो. आणि मधल्या जागेत काही लपलेलं नाहीये याची हमी म्हणजे टाइटनेस, बाकी काही नाही.

आता हे पटवायला एक छोटं उदाहरण बघा, मी वर्गात पहिल्याच दिवशी फळ्यावर काढतो. शून्य ते एक या वेळेत एक रेषा आहे, सगळीकडे शून्य, फक्त एका ठिकाणी उंची १ चा टोकदार तंबू, तंबूची रुंदी १/एन, आणि तंबू कुठे ठोकायचा ती जागा रँडम, सगळीकडे सारखी शक्यता. तुम्ही आधी ठरवलेल्या कुठल्याही पाच वेळा घ्या, पन्नास घ्या, एन वाढत गेला की त्या वेळांवर तंबू सापडायची शक्यता शून्याकडे जाते. म्हणजे सगळी फायनाइट-डायमेन्शनल डिस्ट्रिब्युशन्स "सतत शून्य" या प्रोसेसकडे जातात, एकही अपवाद नाही. पण मॅक्सिमम? प्रत्येक एन ला बरोबर १. लिमिटचा मॅक्सिमम शून्य. तुमच्या प्रश्नातला युक्तिवाद जसाच्या तसा इथे लावला तर तो इथेही "चालतो" आणि उत्तर साफ चुकतं. हे उदाहरण एकदा स्वतः कागदावर काढा, मग टाइटनेसची व्याख्या वाचताना तिथे एप्सिलॉन-डेल्टा कशाला आलेत ते आपोआप कळतं.

बरं, आता रँडम वॉककडे या. छापा-काटा खेळताय, छापा आला की +१, काटा आला की −१, १०० वेळा नाणं उडवायचं. प्रश्न: वाटेत कधीतरी +२० ला पोचलो याची शक्यता किती? शेवटी २० च्या वर असण्याची नाही, वाटेत कधीतरी. इथे रिफ्लेक्शनची युक्ती आहे: ज्या क्षणी पहिल्यांदा २० ला टेकलात तिथून पुढची सगळी नाणी उलटी करा, म्हणजे शेवटी २० च्या खाली संपणारा प्रत्येक रस्ता २० च्या वर संपणाऱ्या एका रस्त्याशी जोडला जातो. मग शक्यता म्हणजे "शेवट २० किंवा जास्त" अधिक "शेवट २० पेक्षा जास्त". शेवट २० म्हणजे ६० छापे. साठ किंवा जास्त छापे येण्याची शक्यता ०.०२८४, एकसष्ट किंवा जास्तची ०.०१७६, बेरीज ०.०४६०. आता ब्राउनियन मोशनचं उत्तर: २० ला √१०० ने भागलं की २, आणि नॉर्मलच्या दोनच्या पलीकडल्या शेपटीची दुप्पट, म्हणजे ०.०४५५. फक्त १०० पायऱ्यांत एवढं जवळ! फक्त चार ठरलेल्या वेळा बघत बसला असता तर मधे २० ला टेकून खाली आलेले रस्ते सुटले असते आणि उत्तर नक्कीच कमी आलं असतं.

इतिहास थोडा सांगतो कारण तो कळला की थिअरमचं नाव कळतं. १९४६ ला पॉल एर्डॉश आणि मार्क काट्स यांनी एक पेपर लिहिला, त्यात बेरजांचा मॅक्सिमम, अ‍ॅब्सोल्यूट मॅक्सिमम वगैरेची लिमिट डिस्ट्रिब्युशन्स काढली. त्यांची पद्धत फार सुंदर आहे. आधी एवढंच सिद्ध करायचं की लिमिट असेल तर ते पायऱ्यांच्या डिस्ट्रिब्युशनवर अवलंबून नाही, मीन शून्य आणि व्हेरियन्स एक असला की बास. हे झालं की मग आपल्याला सोयीचं एक डिस्ट्रिब्युशन घ्यायचं, उदाहरणार्थ नाणं, आणि तिथे मोजून टाकायचं. पहिल्या भागाला त्यांनी इनव्हेरियन्स प्रिन्सिपल म्हटलं. १९४७ ला त्याच दोघांनी किती बेरजा पॉझिटिव्ह येतात याचाही निकाल त्याच वाटेने लावला. पण प्रत्येक नवीन प्रश्नाला नवीन सिद्धता लागत होती. १९५१ ला मनरो डॉन्स्कर यांनी हे सगळं एका झटक्यात केलं: रस्ताच अख्खा ब्राउनियन मोशनकडे जातो म्हणा, आणि मग रस्त्याचं कुठलंही कंटिन्युअस फंक्शनल (रस्त्यावरून एक आकडा काढणारा नियम, रस्ता थोडा हलला तर आकडाही थोडाच हलतो असा) घ्या, त्याचं लिमिट फुकटात. म्हणून पुस्तकात "फंक्शनल सीएलटी", "इनव्हेरियन्स प्रिन्सिपल" आणि "डॉन्स्कर" ही तिन्ही नावं एकाच गोष्टीला लावलेली दिसतात, गोंधळून जाऊ नका. हेच डॉन्स्कर पुढे न्यूयॉर्कला कोरांट इन्स्टिट्यूटमध्ये आपल्या आयएसआय कोलकात्यातून गेलेल्या एस. आर. एस. वरदन यांच्याबरोबर लार्ज डेव्हिएशन्सवर (फार दुर्मिळ घटनांच्या शक्यतांवर) वर्षानुवर्षं काम करत होते, २००७ चं आबेल प्राइझ वरदन यांना मिळालं त्यात त्या कामाचा मोठा वाटा आहे.

आता टाइटनेस. व्याख्या पाठ करण्यापेक्षा हिशोब कुठे अडतो ते बघू, कारण तो बरोबर काठावर अडतो आणि तिथेच खरी गोष्ट आहे. आपल्याला दाखवायचंय की रस्ता छोट्या वेळेत मोठी उडी घेत नाही. शून्य ते एकचे डेल्टा लांबीचे तुकडे करा, तुकडे झाले १/डेल्टा. एका तुकड्यात एन×डेल्टा पायऱ्या. एका तुकड्यात रस्ता एप्सिलॉन×√एन पेक्षा जास्त हलला याची शक्यता चेबिशेव्हने (व्हेरियन्सवरून शक्यतेला वरची मर्यादा देणाऱ्या इनइक्वालिटीने) काढली तर व्हेरियन्स एन×डेल्टा, भागिले एप्सिलॉन वर्ग × एन, राहिलं डेल्टा/एप्सिलॉन वर्ग. ठीक. पण तुकडे १/डेल्टा आहेत, सगळ्यांची बेरीज केली की डेल्टा उडून जातो आणि हातात राहतं १/एप्सिलॉन वर्ग, जे डेल्टा कितीही लहान केला तरी शून्याकडे जात नाही. दरवर्षी निम्मा वर्ग इथे "सर, झालं ना" म्हणतो आणि झालेलं नसतं.

मग चौथा मोमेंट, म्हणजे चौथ्या घाताची सरासरी, वापरा. नाण्याच्या एम पायऱ्यांच्या बेरजेचा चौथा मोमेंट ३एम² − २एम, म्हणजे एम वर्गाच्या आवाक्यात. आता एका तुकड्याची शक्यता येते सी × डेल्टा वर्ग / एप्सिलॉनचा चौथा घात, १/डेल्टा तुकड्यांनी गुणली तरी एक डेल्टा शिल्लक राहतो, आणि तो शून्याकडे जातो. सगळा खेळ त्या एका उरलेल्या डेल्टाचा आहे. कोल्मोगोरोवच्या क्रायटेरियनमध्ये (मोमेंटवरून टाइटनेस तपासायच्या अटीत) घात "एकपेक्षा जास्त" हवा असं लिहिलेलं असतं ना, ते ह्याच शिल्लक डेल्टासाठी. (तुकड्याच्या आतला मॅक्सिमम सांभाळायला एटेमाडी किंवा लेव्हीची इनइक्वालिटी लागते, तिने फक्त कॉन्स्टंट बदलतात, म्हणून इथे सोडून देतो.)

पण डॉन्स्करला तर फक्त व्हेरियन्स फायनाइट असला की पुरतं, चौथा मोमेंट नसला तरी. ते कसं? तर चेबिशेव्ह फार ढिला आहे म्हणून अडलं होतं. तुकड्यातल्या बेरजेला सीएलटीच लावा, मग एप्सिलॉनच्या पलीकडे जाण्याची शक्यता नॉर्मलची शेपटी होते, ती वजा एप्सिलॉन वर्ग भागिले २ डेल्टा अशा एक्स्पोनेन्शियल वेगाने पडते, आणि १/डेल्टा ने गुणलं तरी तिला काही फरक पडत नाही. म्हणजे सीएलटी इथे दोनदा वापरलं जातं: एकदा ठरलेल्या वेळांचं लिमिट काढायला आणि एकदा मधली जागा गप्प ठेवायला. तुमच्या प्रश्नातलं "सीएलटी असताना" हे म्हणणं अशा अर्थाने खरंच आहे, कच्चा माल सीएलटीचाच आहे, फक्त तो दुसऱ्या जागी पण लावावा लागतो आणि ती दुसरी जागा तुमच्या युक्तिवादात सुटली होती. टाइट असलं की प्रोखोरोवचं १९५६ चं थिअरम सांगतं की दर सबसिक्वेन्सला लिमिट असलेली पुढची सबसिक्वेन्स मिळते, आणि ठरलेल्या वेळांनी ते लिमिट कोण हे आधीच पक्कं केलेलं असतं, त्यामुळे सगळे एकाच जागी पोचतात. सिद्धतेचा सांगाडा एवढाच.

एकदा थिअरम हातात आलं की काय काय मिळतं बघा. कितीवेळ प्लसमध्ये होतो याचं लिमिट आर्कसाइन लॉ (टोकांना जास्त, मधे कमी शक्यता असलेलं डिस्ट्रिब्युशन), पॉल लेव्ही यांनी १९३९ ला ब्राउनियन मोशनसाठी दिलेला. आकडे धक्का देतात: बरोबरीच्या खेळात जवळजवळ सगळा वेळ एकाच बाजूला, म्हणजे ९०% पेक्षा जास्त किंवा १०% पेक्षा कमी वेळ फायद्यात असण्याची शक्यता सुमारे ४१%, आणि आपल्याला "नॉर्मल" वाटणारी स्थिती, ४०% ते ६०% वेळ फायद्यात, तिची शक्यता फक्त १३%. शेअरच्या ट्रेडिंग रेकॉर्डवरून "हा माणूस वर्षभर वरच होता म्हणजे ह्याला कळतंय" असं कोणी म्हणलं की मला हा आकडा आठवतो. मॅक्सिमम कुठल्या वेळी आला त्याचंही तेच आर्कसाइन.

पण इथे एक सावधगिरी. फंक्शनल कंटिन्युअस हवं, निदान लिमिटच्या रस्त्यांवर जवळजवळ सगळीकडे. मॅक्सिमम आहे. प्लसमधला वेळ सगळीकडे कंटिन्युअस नाही पण ब्राउनियन रस्त्यांवर चालतो, कारण ब्राउनियन मोशन शून्यावर शून्य मापाचा वेळ घालवतं. मात्र "शून्य किती वेळा ओलांडलं" हे मोजणं अजिबात कंटिन्युअस नाही, रस्त्याला जरासा थरथर दिला की क्रॉसिंग हवी तितकी वाढवता येतात, आणि ब्राउनियन मोशन तर सुरुवातीलाच शून्य अनंत वेळा ओलांडतं. तो प्रश्न डॉन्स्कर सोडवत नाही, तिथे लोकल टाइमची (रस्ता एका पातळीजवळ किती रेंगाळतो त्या मापाची) वेगळी थिअरम्स लागतात आणि तिथे उत्तर पायऱ्यांच्या डिस्ट्रिब्युशनवर खरोखर अवलंबून राहतं. विद्यार्थी "इनव्हेरियन्स" शब्द ऐकून सगळंच इनव्हेरियंट समजतात, तसं नाहीये.

दुसरी गोष्ट प्रॅक्टिसमधली आहे आणि पुस्तकात तळटीपेत जाते. वर नाण्याचं उत्तर ०.०४६० विरुद्ध ०.०४५५ आलं ना, ते इतकं छान जुळण्याचं कारण नाणं बरोबर २० वर टेकतं, पुढे उडी मारत नाही. आता तोच खेळ नॉर्मल पायऱ्यांनी खेळा, मीन शून्य, व्हेरियन्स एक, १०० पायऱ्या. डॉन्स्करचं लिमिट तेच, ०.०४५५. पण नॉर्मल पायरी २० ओलांडताना २० वर थांबत नाही, थोडी पुढे पडते, आणि ह्या ओव्हरशूटमुळे रेषा प्रत्यक्षात ०.५८२६ ने वर असल्यासारखी वागते. म्हणजे २० ऐवजी २०.५८२६ घालून काढायचं, येतं साधारण ०.०३९६. लिमिटपेक्षा बराच कमी! हा ०.५८२६ कुठून आला तर रीमानच्या झीटा फंक्शनची अर्ध्यावरची किंमत, भागिले √२पाय, चिन्ह बदलून. तोच आकडा मॅक्सिममच्या सरासरीत दिसतो: १०० नॉर्मल पायऱ्यांत मॅक्सिममची सरासरी डॉन्स्करप्रमाणे √(२००/पाय) म्हणजे ७.९८, प्रत्यक्षात ७.४२, फरक जवळजवळ तेवढाच. डेव्हिड सिगमंड यांनी सिक्वेन्शियल टेस्टसाठी (डेटा येत असतानाच निर्णय घेणाऱ्या टेस्टसाठी) ही दुरुस्ती बसवली, आणि १९९७ ला ब्रॉडी, ग्लासरमन आणि कू यांनी बॅरियर ऑप्शनसाठी (किंमत ठरलेल्या रेषेला टेकली की सुरू किंवा रद्द होणाऱ्या ऑप्शनसाठी), कारण करारात बॅरियर दिवसातून एकदा बघतात आणि फॉर्म्युला मात्र सतत बघितल्याचा असतो. तुम्ही पुढे कुठेही नोकरीला लागलात तरी लिमिट थिअरमबरोबर "एन माझा केवढा आहे आणि पहिली चूक कुठल्या ऑर्डरची आहे" हे विचारायची सवय लावून घ्या.

आता माझ्या स्वतःच्या कामातली एक गोष्ट. एका ठिकाणी, नाव सांगत नाही, क्लेमच्या रकमांच्या लॉगला नॉर्मल बसवलं होतं, मीन आणि स्टँडर्ड डेव्हिएशन त्याच डेटावरून काढलेली, आणि मग फिट चांगला आहे हे दाखवायला कोल्मोगोरोव-स्मिर्नोव टेस्ट, जी डेटा आणि बसवलेलं डिस्ट्रिब्युशन यांच्यातलं सर्वात मोठं अंतर बघते. डेटा ४०० क्लेमचा. टेबलातली ५% ची मर्यादा १.३६ भागिले √४००, म्हणजे ०.०६८. त्यांचा आकडा आला होता ०.०५५, रिपोर्टात हिरवी खूण, पास. मी सांगितलं की हे टेबल इथे चालत नाही, तर समोरच्या सिनियर माणसाने म्हटलं की कोल्मोगोरोवचं थिअरम आहे, डिस्ट्रिब्युशन कुठलंही असो चालतं. इथेच सगळा घोटाळा आहे आणि तो घोटाळा लिमिट थिअरम समजलं की दोन मिनिटांत सुटतो.

बघा, एम्पिरिकल डिस्ट्रिब्युशन फंक्शन (डेटातला किती भाग अमुक आकड्यापर्यंत आहे ते) वजा खरं डिस्ट्रिब्युशन, गुणिले √एन, ही एक प्रोसेस आहे आणि तिचं लिमिट ब्राउनियन ब्रिज, म्हणजे दोन्ही टोकांना शून्यावर बांधलेलं ब्राउनियन मोशन. कोल्मोगोरोव यांनी १९३३ ला मॅक्सिममचं लिमिट थेट काढलं होतं, पण १९४९ ला जोसेफ डूब यांनी "हे तर ब्रिजच्या मॅक्सिममचं डिस्ट्रिब्युशन आहे" असं सुचवलं आणि १९५२ ला डॉन्स्कर यांनी ते पक्कं केलं. १.३६ हा त्या ब्रिजचा आकडा आहे. पण तुम्ही मीन आणि एसडी डेटावरूनच काढलीत की लिमिटची प्रोसेस तीच राहत नाही, ब्रिजमधून त्या दोन दिशांना जाणारा भाग वजा होतो, उरलेली प्रोसेस लहान असते, तिचा मॅक्सिममही लहान. नॉर्मलसाठी लिलीफोर्स यांनी १९६७ ला सिम्युलेशनने टेबल दिलंय, ५% ला मोठ्या एन साठी साधारण ०.८९ भागिले √एन. ४०० ला ते होतं ०.०४४५. ०.०५५ त्याच्या वर आहे, म्हणजे फिट नापास! शेपटी नॉर्मलपेक्षा जाड होती आणि प्रीमियम त्या फिटवर ठरणार होता. मी तिथेच लॅपटॉपवर त्याच मापाचे दहा हजार नॉर्मल सँपल काढून, दर वेळी मीन-एसडी नव्याने बसवून, हिस्टोग्राम दाखवला तेव्हा पटलं. आजही कितीतरी रिपोर्टांत हीच चूक दिसते आणि मला खरंच वाईट वाटतं, कारण ही चूक नेहमी एकाच बाजूला जाते, वाईट मॉडेलला पास करते.

ब्रिजचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट मराठी वाचकांना माहीत असायलाच हवी. ब्राउनियन ब्रिजला साइन फंक्शन्सच्या बेरजेत मांडता येतं, के व्या साइनपुढे √२ गुणिले स्वतंत्र नॉर्मल आकडा भागिले के×पाय, आणि मग ब्रिजच्या वर्गाचं इंटिग्रल म्हणजे नॉर्मलच्या वर्गांची वजनदार बेरीज होते, सरासरी बरोबर १/६. क्रेमर–फॉन मिझेस टेस्टचं (सर्वात मोठ्या अंतराऐवजी अंतरांच्या वर्गांची बेरीज बघणाऱ्या टेस्टचं) लिमिट ह्यातूनच मिळतं. ह्या प्रकारच्या मांडणीला जगभर कार्हुनेन–लोएव्ह म्हणतात, पण ती कल्पना १९४३ साली जर्नल ऑफ द इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीत दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी छापली होती, पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात शिकवत असताना, त्या दोघांच्याही आधी. आपल्याकडे कोसंबी म्हणलं की इतिहास आठवतो, आणि ते योग्यच आहे, पण गोव्यात जन्मलेल्या ह्या माणसाचं नाव फंक्शन स्पेसमधल्या प्रॉबॅबिलिटीच्या सुरुवातीला पण आहे. आता काही लेखक कोसंबी–कार्हुनेन–लोएव्ह असं लिहायला लागलेत, तुम्हीही लिहा.

शेवटचा भाग, उड्यांचा. तुम्ही विचारलं नव्हतं पण टाइटनेस कळल्यावर पुढचा प्रश्न हाच येतो: व्हेरियन्सच अनंत असेल तर? शेपटीचा घात अल्फा (एक्सपेक्षा मोठा क्लेम येण्याची शक्यता एक्सच्या वजा अल्फा घाताप्रमाणे पडते), एक आणि दोनच्या मधे, समजा १.५. मग √एन ने भागून भागत नाही, एनचा १/अल्फा घात लागतो. दहा लाख क्लेम असतील तर √ म्हणजे १०००, पण इथे एनचा दोन तृतीयांश घात म्हणजे १०,०००. दहापट. आणि लिमिट ब्राउनियन नाही, अल्फा-स्टेबल लेव्ही प्रोसेस, जिच्या रस्त्यात खऱ्या उड्या आहेत, एकेक मोठा क्लेम लिमिटमध्ये पण वेगळा दिसतो.

अशा रस्त्यांसाठी "दोन रेषा जवळ आहेत" याचा अर्थच बदलावा लागतो. एक रस्ता अर्ध्या वेळेला उडी मारतो, दुसरा त्याच्यानंतर किंचित उशिरा तेवढीच उडी मारतो, युनिफॉर्म मापाने (प्रत्येक वेळेचं अंतर बघून त्यातलं सर्वात मोठं घेतलं तर) दोघांत अख्ख्या उडीएवढं अंतर, मग उशीर कितीही छोटा असो. स्कोरोखोड यांनी १९५६ ला घड्याळ थोडं पुढेमागे सरकवायची मुभा दिली, त्याला जे-वन टोपोलॉजी म्हणतात, आणि त्याच पेपरात जे-टू, एम-वन, एम-टू पण दिल्या. मी विद्यार्थी असताना मला वाटायचं चार कशाला हव्यात. इन्शुरन्समध्ये गेल्यावर कळलं. मोठा क्लेम दोन हप्त्यांत चुकता होतो, अर्धा आज, अर्धा पुढच्या महिन्यात. वर्षानुवर्षांच्या ग्राफवर ती एकच उडी दिसते, पण जवळून दोन पायऱ्या. जे-वन घड्याळ सरकवू शकतं पण दोन अर्ध्या उड्यांची एक करू शकत नाही, म्हणून जे-वन मध्ये लिमिट मिळतच नाही. एम-वन उभी रेषा पण ग्राफचाच भाग धरतं, त्यामुळे पायऱ्या चढत वर जाणं आणि एका उडीत जाणं तिला जवळचं वाटतं, आणि तिथे लिमिट मिळतं. स्वतंत्र क्लेम असतील तर जे-वन पुरतं, पण हप्ते पसरलेले असतील, म्हणजे मूव्हिंग अ‍ॅव्हरेज असेल आणि वजनं सगळी एकाच चिन्हाची असतील, तर एम-वन, हे अव्राम आणि ताक्कू यांनी १९९२ ला दाखवलं.

आणि ह्याचा परिणाम तुम्ही कुठला प्रश्न विचारू शकता त्यावर होतो. एकूण देण्याचा मॅक्सिमम एम-वन मध्ये कंटिन्युअस आहे, म्हणजे "भांडवल कधीतरी संपेल का" हा प्रश्न हप्ते असोत-नसोत लिमिटवरून सोडवा, बिनधास्त. पण "एका महिन्यात जास्तीत जास्त किती रोख द्यावी लागेल", म्हणजे सर्वात मोठी उडी, ती एम-वन मध्ये कंटिन्युअस नाही: दोन हप्त्यांच्या रस्त्यात सर्वात मोठी उडी अर्धी आणि लिमिटमध्ये पूर्ण. तो प्रश्न लिमिटवरून काढला तर रोकड दुप्पट धरून बसाल.

तुमच्या परीक्षेपुरतं म्हणाल तर आधी तंबूचं उदाहरण, मग चेबिशेव्ह काठावर कसा अडतो तो हिशोब, मग चौथ्या मोमेंटने तोच हिशोब, एवढं स्वतःच्या हाताने लिहून काढा. फक्त व्हेरियन्सवाली सिद्धता त्यानंतर वाचा, उलट क्रमाने वाचली तर ती नुसती एप्सिलॉनची गर्दी वाटते. कुठे अडलं तर नेमकी ओळ लिहून विचारा, बघतो.